कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क गेलं, फायदा नेमका कोणाचा?

वर्धारोडकर | शनि, १५/११/२०२५ - १०:१२

नमस्कार मंडळी. यंदा दिवाळीच्या फराळावरच आमच्या घरात दोन पार्ट्या पडल्या. मामेभाऊ काटोलकडचा, पंधरा एकर कोरडवाहू, निम्म्यावर पऱ्हाटी (म्हणजे कपाशी) आणि थोडी संत्र्याची झाडं. साडू हिंगणघाटजवळच्या एका सूतगिरणीत कापूस खरेदी पाहतात. विषय निघाला आयात शुल्काचा आणि चकल्या तशाच राहिल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर शुल्क लागलं, अधिभार धरून ११ टक्के. २०२२ मध्ये भाव भडकले तेव्हा काही महिने माफ केलं. यंदा १९ ऑगस्टला पुन्हा माफ, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबर. त्याच सुमारास २७ ऑगस्टपासून अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के लावले.

मामेभाऊ म्हणतो, सरकारनं आमचा गळा कापला. साडू म्हणतात, शुल्क ठेवलं असतं तर गिरण्याच बंद पडल्या असत्या, मग कापूस विकणार कोणाला? मला दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतोय. असं शुल्क असावं की नसावं?

तर्रीबाज | १५/११/२०२५ - १०:३१

पहिला! वाचतोय. धागा शंभरी गाठणार.

पऱ्हाटीवाला | १५/११/२०२५ - ११:०५

तुमच्या मामेभावाले माहा रामराम सांगा.

आता आयका. जूनमध्ये बी-बियाणं घेतलं तेव्हा हमीभाव जाहीर झाला होता, क्विंटलमागं लांब धाग्याले ८११०, मध्यम धाग्याले ७७१०. त्याच्यावर हिशेब करून पेरलं. पोळ्याच्या तोंडावर, पऱ्हाटीले पात्या-फुलं असताना, सांगतात का बाहेरचा कापूस बिनाशुल्क येईन. आता मले सांगा, तवा मी काय पऱ्हाटी उपटून तूर लावू का? मंग सप्टेंबरात पाऊस थांबलाच नाही, बोंडं सडली, जो कापूस आला तो ओला. सरकारी खरेदीले ओलावा ८ टक्के पाह्यजे, फार तर १२, त्याच्यावर गेला का घेत नाही. म्हणून खेडा खरेदीवाल्याले द्या, तो सात हजाराच्या आत मागते. वेचाईच दहा रुपये किलो देऊन राहिलो.

शुल्क असावं का नसावं हे तुम्ही शिकलेले लोक ठरवा. पण पेरल्यावर बदलू नका, एवढंच म्हणणं हाय.

सूतकताई | १५/११/२०२५ - ११:४८

मी गिरणीच्या बाजूचा आहे, धागाकर्त्यांच्या साडूंच्याच धंद्यातला. दगड मारण्याआधी ऐका.

कापूस हा सुताच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा. आमचं सूत ज्या कापडात जातं त्याचा शर्ट तिरुपूरला शिवला जातो आणि न्यूयॉर्कच्या दुकानात बांगलादेशी शर्टाशेजारी लटकतो. बांगलादेश आणि व्हिएतनामवर अमेरिकेनं २० टक्के लावले, आपल्यावर ५०. बांगलादेशची गिरणी कापूस ब्राझीलचा घेते, अमेरिकेचा घेते, तिथे कापसावर असं शुल्क नाही. आमच्या मालावर आधीच ३० टक्क्यांचा जादा बोजा आणि वर कच्चा माल महाग. ऑर्डर कुठे जाणार सांगा.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. आपला कापूस हातानं वेचतात, प्लास्टिकच्या पोत्यात भरतात, गाठीत सुतळीपासून केसांपर्यंत सगळं निघतं. रंगवलेल्या कापडावर तो तंतू पांढरा ठिपका बनून दिसतो आणि पूर्ण लॉट परत येतो. बारीक सुतासाठी बाहेरचा कापूस चैनीखातर आणत नाही.

आकडेमोड | १५/११/२०२५ - १२:२०

@सूतकताई, एक प्रश्न. निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल आगाऊ परवान्यावर बिनाशुल्क आणता येतोच ना? आणि ३२ मिलिमीटरच्या वरच्या अतिलांब धाग्याच्या कापसावरचं शुल्क फेब्रुवारी २०२४ मध्येच शून्य झालं होतं. मग निर्यातदारांसाठी सगळ्याच कापसाचं शुल्क काढावं लागलं, हे कारण अर्धवट वाटतं.

सूतकताई | १५/११/२०२५ - १२:५२

नियम बरोबर सांगितलात, व्यवहार वेगळा असतो. परवाना मोठ्या घराण्यांना परवडतो, ज्यांची कताई, विणाई, शिवणकाम सगळं एका छताखाली आहे. आम्ही सूत विकतो इचलकरंजीला, तिथून कापड जातं तिसरीकडे, शिवून पाठवतो चौथाच. माझ्या सुतातून नेमकं किती निर्यात झालं याचा कागद मी कुठून आणू? शिवाय निर्यातीचं बंधन पाळता आलं नाही तर शुल्क व्याजासकट भरा. लहान गिरणी त्या वाटेला जात नाही.

पुण्यातला नागपूरकर | १५/११/२०२५ - १३:३०

इथे पुण्यात नागपूरच्या बर्डीवरच्या गर्दीची आठवण येत होती, धागा उघडला तर तीच गर्दी. दोन्ही बाजू बरोबर दिसल्या की समजावं, पैसा तिसऱ्याच्या खिशात गेलाय.

तर्रीबाज | १५/११/२०२५ - १३:३४

पुण्यात राहून तुमची वाक्यं पण दुपारी १ ते ४ बंद ठेवा.

आकडेमोड | १५/११/२०२५ - १५:१०

'तिसऱ्याचा खिसा' हाच खरा मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शुल्क परदेशी विक्रेता भरतो असं राजकारणी सांगतात. भरतो आयात करणारा, आपल्याच देशातल्या बंदरावर. त्यानंतर तो बोजा कोणाच्या अंगावर सरकतो हे ज्याची त्याची गरज किती अडलेली आहे यावर ठरतं. अमेरिकेत २०१८ च्या सुरुवातीला आयात वॉशिंग मशीनवर २० ते ५० टक्के शुल्क लावलं. मशीनच्या किमती साधारण १२ टक्क्यांनी वाढल्या. गंमत पुढे आहे. कपडे वाळवायच्या मशीनवर शुल्क नव्हतं, पण दोन्ही जोडीनं विकल्या जातात म्हणून दुकानदारांनी तिच्याही किमती तेवढ्याच वाढवल्या! देशात बनलेल्या मशीनही महागल्या, कारण स्पर्धा सैल झाली. नंतर अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला: जवळपास १८०० नोकऱ्या आल्या आणि ग्राहकांना वर्षाला दीड अब्ज डॉलर जादा मोजावे लागले. शुल्काची वसुली वजा करूनही एका नोकरीमागे ८ लाख १५ हजार डॉलर.

नोकरी मिळालेले १८०० लोक टीव्हीवर दिसतात. जादा पैसे मोजणारे लाखो लोक दिसत नाहीत, कारण प्रत्येकाचं नुकसान नव्वद-शंभर डॉलरचं. संरक्षण लावणं राजकीयदृष्ट्या सोपं आणि काढणं अवघड असतं ते यामुळे.

फक्त आपल्या कापसात हे उलटं झालंय. इथे तोटा होणारे शेतकरी लाखो आहेत आणि तरी शुल्क एका अधिसूचनेत गेलं. गिरण्यांच्या संघटना दिल्लीत बसतात, पऱ्हाटीवाले भाऊ वावरात.

पऱ्हाटीवाला | १५/११/२०२५ - १५:४०

शेवटची ओळ लाख रुपयाची.

धंतोलीची सून | १५/११/२०२५ - १६:२५

कापसाचं मला फार कळत नाही, तेलाचं कळतं. गेल्या वर्षी सप्टेंबरात खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर एकूण साडेपाच टक्के होतं ते साडेसत्तावीस, रिफाइंडवर पावणेचौदाचं पावणेछत्तीस. कारण सांगितलं, सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा. पिशवीचा भाव त्याच आठवड्यात वाढला. दुकानदाराला विचारलं, अहो हा माल तर जुना आहे ना? तो म्हणाला, ताई, नवीन माल भरायला पैसे नव्या भावानं लागतात.

ठीक आहे, शेतकऱ्याला जात असतील तर देऊ. पण आमचे सासरे उमरेडकडचे, त्यांचं सोयाबीन गेल्या हंगामात हमीभाव ४८९२ असताना बेचाळीसशेला गेलं. मग मी दिलेले पैसे गेले कुठे?

कळमना मार्केट | १५/११/२०२५ - १७:१५

ताई, उत्तर देतो, सोयाबीन-तूर हाच माझा धंदा आहे.

शंभर किलो सोयाबीन गाळलं तर तेल निघतं अठरा-वीस किलो. बाकी जवळपास सगळी ढेप, म्हणजे पेंड. सोयाबीनला भाव मिळतो तो तेल आणि ढेप मिळून. शुल्कामुळे तेल वधारलं, पण ढेप पडली. जगात सोयाबीन बख्खळ, ब्राझीलची ढेप आपल्यापेक्षा स्वस्त, आणि इथे मका-तांदळापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून उरणारा चोथा कोंबडी खाद्यात घुसला. प्लँटवाल्यानं तेलातलं कमावलेलं ढेपेत गमावलं, शेतकऱ्यापर्यंत काही उतरलंच नाही. वर आपण खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, म्हणजे तुमच्या पिशवीतून गेलेल्या पैशाचा मोठा हिस्सा शुल्क म्हणून दिल्लीच्या तिजोरीत गेला.

आणि मग ३० मे २०२५ ला कच्च्या तेलाचं मूळ शुल्क २० चं १० केलं, एकूण साडेसोळा. पेरणीच्या ऐन तोंडावर. यंदा सोयाबीनचा हमीभाव ५३२८ आहे. बाजारात काय चाललंय ते यार्डात येऊन पाहा.

धंतोलीची सून | १५/११/२०२५ - १७:३२

धन्यवाद भाऊ. पहिल्यांदा कोणी नीट सांगितलं. पिशवी मात्र स्वस्त झाली नाही हो.

ओहायोची आत्या | १५/११/२०२५ - २०:५०

इकडचं सांगते. भारतीय दुकानात बासमती, लोणची, पापड, सगळ्यावर नवीन चिठ्ठ्या चिकटल्यात. दुकानदार गुजराती, तो म्हणतो, निम्मं मी सोसतो, निम्मं तुम्ही. कालच इथल्या सरकारनं कॉफी, चहा, केळी, बीफ अशा बऱ्याच खाद्यपदार्थांवरचं 'जशास तसं' शुल्क काढून टाकलं. महागाईवरून लोक ओरडायला लागले होते. आतापर्यंत तर सांगत होते की शुल्कानं महागाई होतच नाही!

कोणी येणार असेल तर संत्रा बर्फी आणा, जागा उरली तर सावजी मसाला.

संत्रानगरी | १५/११/२०२५ - २१:२०

आत्यांनी बर्फी काढली म्हणून संत्र्याचं लिहितो, नाहीतर कापसाच्या धाग्यावर आम्हाला कोण विचारतं. आपण दुसऱ्यावर शुल्क लावावं का यावर चर्चा चालू आहे. दुसऱ्यानं लावलं की काय होतं ते वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडला विचारा.

आपल्या संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९ मध्ये तिथलं आयात शुल्क किलोला २० रुपये होतं. वाढत वाढत २०२३ च्या नोव्हेंबरात ८८ रुपये. बागेत पंचवीस-तीस रुपये किलोचं फळ, त्याच्यावर ८८ शुल्क! ट्रक बंद झाले. तो माल देशातल्याच बाजारात आला आणि इथला भाव बसला. राज्य सरकारनं शुल्काच्या निम्मं, किलोला ४४ रुपये, अनुदान जाहीर केलं. जाहीर करणं आणि खात्यात पडणं यात किती अंतर असतं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

संत्रं साठवता येत नाही. कापूस घरात भरून ठेवता येतो, भाव आला की काढता येतो. आंबिया बहाराचं फळ तोडायला आलं की आलं. म्हणून शुल्काचा मार नाशवंत मालाला सगळ्यात आधी बसतो.

इतवारीचा पंडित | १५/११/२०२५ - २१:५५

यात कांदा विसरू नका. डिसेंबर २०२३ मध्ये आपण कांद्याची निर्यात बंद केली ती मे २०२४ पर्यंत. ढाक्यात कांदा महागला. त्यांनी संत्र्यावर राग काढला अशी कळमन्यात तेव्हा उघड चर्चा होती.

आकडेमोड | १५/११/२०२५ - २२:१५

तारखा पाहा. ८८ रुपये नोव्हेंबरात झाले, कांदाबंदी डिसेंबरात आली. ऑगस्टात आपण कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतं हे खरं, पण संत्र्यावरची वाढ त्याआधीपासूनच चालू होती. बांगलादेशची परकीय गंगाजळी २०२२ पासून आटत होती, फळं ही त्यांच्या लेखी चैन, म्हणून डॉलर वाचवायला शुल्क चढवलं. रागापेक्षा तंगी हे कारण जास्त पटतं.

इतवारीचा पंडित | १५/११/२०२५ - २२:४०

तंगी असेल. पण ज्याचं गिऱ्हाईक आपण दर वर्षी कांद्यानं, तांदळानं रडवतो, तो संत्र्याच्या वेळी आपलं ऐकेल ही अपेक्षा कशी करता?

आता थोडं जुनं सांगतो, नागपूरचंच. एम्प्रेस मॉलमध्ये पॉपकॉर्न खाणाऱ्यांना कल्पना नसेल, त्या जागेवर जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल होती. कंपनी १८७४ ची, मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, ज्या दिवशी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली. मुंबईऐवजी नागपूर निवडलं, कारण कापूस इथे. देशी गिरण्या वाढल्या तशी इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या पोटात कळ उठली. १८९६ मध्ये इंग्रज सरकारनं आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क ठेवलं आणि हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्के अबकारी कर बसवला, म्हणजे देशी मालाला तसूभर फायदा मिळू नये. तो कर जायला १९२५ उजाडलं. न्या. रानडे त्या काळी सांगत होते की खुल्या व्यापाराचं तत्त्व इंग्लंडला सोयीचं, कारण त्यांचे कारखाने आधीच उभे आहेत.

म्हणून शुल्क म्हणजे पाप असं मी म्हणणार नाही. उभ्या होणाऱ्या उद्योगाला आडोसा लागतो.

पुण्यातला नागपूरकर | १५/११/२०२५ - २२:५८

आडोसा किती वर्षं? १९९१ पर्यंत आडोसाच होता. स्कूटरसाठी बाबांनी नंबर लावला आणि गाडी आली तेव्हा मी चालवायच्या वयाचा झालो होतो.

हिंगणा एमआयडीसी | रवि, १६/११/२०२५ - ०९:१०

आमच्याकडे पत्र्याचं काम चालतं, कपाटं, पॅनलच्या पेट्या, थोडं रेल्वेचं. एप्रिलमध्ये आयात पोलादावर १२ टक्के संरक्षण शुल्क लागलं, २०० दिवसांसाठी. आम्ही चिनी पत्रा कधीच घेतला नव्हता. तरी इथल्या पत्र्याचा भाव चढला, कारण मोठ्या कारखान्यांना माहीत होतं की आता बाहेरून येणार नाही. आकडेमोड यांनी सांगितलेली वॉशिंग मशीनची गोष्ट मी हिंगण्यात अनुभवली. माझं गिऱ्हाईक दर वाढवून देत नाही, कारण तयार पेटी चीनहून स्वस्तात येते. तयार पेटीवर ते १२ टक्के नाहीत! कच्च्या मालाला संरक्षण आणि पक्का माल मोकळा.

आता ते २०० दिवस या महिन्यात संपले. पुढे काय, कोणी सांगत नाही. व्यापारी म्हणतो आज माल उचला, उद्याचं माहीत नाही. मुलं कामाला ठेवायची की नाही हे मी कशावर ठरवू?

सूतकताई | १६/११/२०२५ - ०९:४५

हिंगणावाले, हेच आमचं. याच आठवड्यात पॉलिस्टर तंतू आणि धाग्यावरचे गुणवत्ता नियंत्रण आदेश सरकारनं मागे घेतले. ते शुल्क नव्हतं, पण काम तेच करत होतं: परदेशी कारखान्याला प्रमाणपत्र मिळेपर्यंत माल येणार नाही. इतके दिवस देशातल्या बड्या उत्पादकांकडून ते सांगतील त्या भावानं घेत होतो.

तर्रीबाज | १६/११/२०२५ - १०:०५

रविवार आहे, कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाऊन आलो. पोहे छत्तीसगडचे, तेल इंडोनेशियाचं, चणे बहुतेक ऑस्ट्रेलियाचे. तर्री तेवढी स्वदेशी. यावर शुल्क लावाल तर नागपूर पेटेल.

विदर्भवीर | १६/११/२०२५ - १०:३०

सगळे मूळ दुखणं सोडून बोलताहेत. आपला कापूस हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) आसपास अडकलाय, ब्राझीलवाले अठराशेच्या वर काढतात. पाणी नाही, गुलाबी बोंडअळी हटत नाही, बीटी बियाणं २००२ मध्ये आलं, त्याची दुसरी पिढी २००६ मध्ये, त्यानंतर कायदेशीर नवं काही नाही. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्याच नागपुरात आहे. ११ टक्क्यांनी चौपट उत्पादकतेचा फरक कसा भरून निघेल?

पऱ्हाटीवाला | १६/११/२०२५ - ११:१५

विदर्भवीर भाऊ, ब्राझीलचं ठीक हाय. अमेरिकेचा शेतकरी सरकारच्या पैशावर पिकवते, त्याचं काय? माह्या माहितीप्रमाणं ब्राझीलनंच त्याह्यच्यावर केस टाकली होती.

आकडेमोड | १६/११/२०२५ - ११:४०

हो. २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत ब्राझील गेला, अमेरिकेचं कापूस अनुदान नियमबाह्य ठरलं. शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेनं ब्राझीलच्या कापूस उत्पादकांना ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. अनुदान पुरतं बंद केलं नाही, तक्रारदाराला पैसे दिले. तेव्हा 'खुल्या बाजारात शेतकऱ्यानं टिकून दाखवावं' हे वाक्य कापसाबाबत तरी मी वापरणार नाही.

शेगावचा वारकरी | १६/११/२०२५ - १२:२०

जुने लोक सांगतील. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी होती, सरकारशिवाय कोणाला विकता येत नसे. बाहेर भाव चढला की रात्री बैलगाड्या मध्य प्रदेशच्या हद्दीत. शरद जोशी पुढे ओरडत होते की आम्हाला तुमचं संरक्षण नको, आमच्या वाटेतून बाजूला व्हा. २०१० मध्ये कापूस निर्यात रोखली, मार्च २०१२ मध्ये परत बंदी घातली आणि आठवड्याभरात मागे घेतली. भाव चढला की दार बंद करायचं आणि पडला की बाहेरच्याला दार उघडायचं. दोन्ही वेळी नुकसान एकाचंच.

वर्धारोडकर | १६/११/२०२५ - १७:०५

वाह, अपेक्षेपेक्षा खूप मिळालं. साडूंना आणि मामेभावाला लिंक पाठवली, दोघांनी आपल्या आपल्या बाजूचे तेवढे प्रतिसाद वाचले.

माझा प्रश्न बदलतो. शुल्क ० असो की ११, ते जूनच्या आधी जाहीर झालं आणि पुढच्या सप्टेंबरपर्यंत हललं नाही, तर दोन्ही बाजूंना चालेल का?

पऱ्हाटीवाला | १६/११/२०२५ - १७:४०

मले चालते. शून्य म्हणाल तं कपाशी कमी करीन, तूर वाढवीन. पण तुरीले पण असंच करत नाही ना? तीही २०२१ पासून बिनाशुल्क येऊन राहिली.

सूतकताई | १६/११/२०२५ - १८:१०

मला अर्धंच चालेल. अमेरिका आमच्यावरचं शुल्क जूनची वाट पाहून वाढवत नाही. ऑगस्टात ५० झालं तेव्हा सरकारनं पुढच्या सप्टेंबरपर्यंत हात बांधून बसायचं?

आकडेमोड | १६/११/२०२५ - १८:३५

मग गिरण्यांना थेट मदत करा, व्याजात सूट द्या, निर्यात परतावा वाढवा. तो खर्च अर्थसंकल्पात दिसतो, त्यावर संसदेत बोलता येतं. शुल्क काढून तीच मदत कापूसवाल्याच्या खिशातून दिली गेली आणि ती कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

पऱ्हाटीवाला | १६/११/२०२५ - १८:५०

सूतकताई भाऊ, एक सरळ विचारतो. १ जानेवारीले शुल्क परत लागलं, तं तुम्ही माह्या कापसाले ८११० द्यान का?

सूतकताई | १६/११/२०२५ - १९:२५

खोटं बोलत नाही. नाही देणार. डिसेंबरअखेरपर्यंत येईल तेवढा बाहेरचा कापूस सगळ्यांनी बुक करून ठेवलाय, आमचं गोदाम मार्चपर्यंत भरलेलं असेल. तुम्हाला ८११० सीसीआयच (सरकारी कापूस महामंडळच) देईल, आणि मग त्यांच्या गाठी लिलावात निघाल्या की आम्ही तिथून घेऊ. कपास किसान अॅपवर नोंदणी केली नसेल तर आजच करा, आणि कापूस वाळवून न्या.

पऱ्हाटीवाला | १६/११/२०२५ - १९:३१

नोंदणी झाली. वाळवाले ऊन पाह्यजे, तेवढं कोणाच्या हातात असन तं सांगा.